पाटे वाढले, पासिंग नाही!

“दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जादा टाकून देतो. मग कितीबी भरा, गाडी बसायची नाही!”

गॅरेजच्या मिस्त्रींनी असं सांगितलं आणि दादाचा चेहरा खुलला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. बीकॉम झाला, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा केल्या, मग घरी आला आणि म्हणाला, “आता गाडी घेतो.” आमच्याकडे, जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, ‘गाडी घेतो’ म्हणजे फिरायला नाही. पिकअप घ्यायचा, माल वाहायचा, हप्ता फेडायचा. शहरातली पोरं याला स्टार्टअप म्हणतात, आम्ही धंदा म्हणतो.

दादानं सेकंडहँड फोर बाय फोर घेतली. डबल केबिन, मागे हौदा. फोर बाय फोरच का? आमचा टोमॅटो ऐन पावसात निघतो आणि शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या चिखलात साधा पिकअप लोड घेऊन रुततो. मग ट्रॅक्टर बोलवा, दोर बांधा, तोवर नारायणगावच्या बाजारातला भाव खाली. त्यामुळे गाडीची निवड चुकली असं मी आजही म्हणणार नाही. चुकलं ते त्यानंतरचं.

जुनी गाडी. आधीच्या मालकानं काय-काय वाहिलं असेल, देव जाणे. चाळीस क्रेट चढवले की मागून बसायची, नाक वर करून चालायची. समोरच्यांच्या डोळ्यांत हेडलाइट जायचे म्हणून शिव्या खायच्या. खड्ड्यात गेली की आतून ‘ठक्क’ असा आवाज. सगळ्यांचा सल्ला एकच, पाटे वाढव. मी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हटलं, “आधी आहेत ते पाटे तपासूया का?” मिस्त्री हसले. “ताई, पुस्तकातलं वेगळं असतंय.” मीही गप्प बसले. कारण खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं.

पाटे पडले. गाडी मागून चांगली चार बोटं उचलली गेली. पहिल्या दिवशी दादानं पंचावन्न क्रेट भरले, गाडी सरळ उभी! त्यानं फोटो काढला, स्टेटसला टाकला, खाली लिहिलं ‘वाघ’.

आता ज्या वाघाचा आम्ही फोटो काढला, त्याचा हिशोब करू. हा हिशोब आम्ही तेव्हा केला नव्हता, हीच खरी गोष्ट आहे.

आरसीवरचे दोन आकडे

तुमच्या मालवाहू गाडीची आरसी काढा. त्यावर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं. दोघांतला फरक म्हणजे आपण ज्याला ‘पासिंग’ म्हणतो ते. आमच्या गाडीचा फरक बरोबर एक टन, म्हणजे १,००० किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण या हजारात फक्त माल बसत नाही. ड्रायव्हर, शेजारी बसलेला, मागच्या सीटवरचे मजूर, हौद्याला नंतर वेल्डिंग करून लावलेले पाइप, पुढचा जाडजूड गार्ड, वरचं कॅरिअर, ताडपत्री, दोर हे सगळं त्यातच.

टोमॅटोचा क्रेट बाजारात वीस किलोचा धरतात. रिकाम्या क्रेटचं वजन मिळवलं की बावीस धरा. पंचावन्न क्रेट म्हणजे १,२१० किलो. गाडीत चार माणसं, सरासरी ६५ किलो, म्हणजे २६०. गार्ड, पाइप आणि कॅरिअर मिळून अंदाजे ९०. बेरीज १,५६०. पासिंग १,०००. म्हणजे आमचा ‘वाघ’ साडेपाचशे किलोहून जास्त ओझं पाठीवर घेऊन उभा होता, आणि उभा होता म्हणूनच कुणाला काही कळलं नाही.

पाटे वाढवायच्या आधी गाडी बसत होती ना? ती आम्हाला सांगत होती, ‘बास.’ आम्ही तिला ताकद नाही दिली, तिचं तोंड बंद केलं. माझं या लेखातलं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा तपशील.

अकरावीचं फिजिक्स, गॅरेजमध्ये

हूकचा नियम आठवतो? स्प्रिंगवर जितकं वजन, तितकी ती दबणार. पाटा म्हणजे स्प्रिंगच. पाटे वाढवले की तेवढ्याच वजनाला ती कमी दबते. पण वजन कमी होत नाही! ते पाट्यातून एक्सलवर, एक्सलमधून बेअरिंगवर, बेअरिंगमधून रिमवर, रिममधून टायरवर जातंच. आणि थांबवायची वेळ आली की सगळं ब्रेकवर येतं. कंपनी पासिंग ठरवते ते एकट्या पाट्यांवरून नाही, तर या सगळ्या साखळीवरून. साखळीची एक कडी जाड केली म्हणून साखळी जाड होत नाही.

त्यातही गंमत बघा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे आठ मिलिमीटरच्या पाट्याऐवजी तेवढाच लांब-रुंद दहा मिलिमीटरचा टाकला, तर त्या एका पाट्याचा कडकपणा जवळपास दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. त्यामुळे ‘भंगारातून ट्रकचा एक पाटा आणून बसवला’ ही किती आंधळी गोष्ट आहे ते लक्षात येईल. दोन मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, पण चासीला दिसतात.

आणखी एक गोष्ट मला डिप्लोमात नाही, नंतर एका दुसऱ्या गॅरेजमध्ये कळली. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीपर्यंत एक छोटा दांडा किंवा स्प्रिंग जोडलेली असते. तिच्या वरच्या टोकाला ब्रेकचा एक वाल्व असतो, लोड सेन्सिंग वाल्व. गाडी मागून किती दबली यावरून त्याला कळतं की लोड किती आहे. दबलेली असेल तर तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. रिकामी असेल तर कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन घसरू नयेत. आता जादा पाटे टाकून गाडी चार बोटं वर उचला आणि पंचावन्न क्रेट भरा. वाल्वला काय वाटणार? गाडी रिकामी आहे! म्हणजे ज्या दिवशी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी मागचा ब्रेक हात आखडता घेणार. आमच्या गाडीला हा वाल्व होता. पाटे टाकताना त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं.

रिकामी गाडी जास्त धोक्याची

तुम्हाला वाटेल, मग घाटात ब्रेक फेल झाले असतील. नाही. सलग दोन महिने माळशेज उतरून कल्याणला माल गेला. उतारावर ब्रेकचा जळका वास यायचा, दादा मध्येच थांबून चहा प्यायचा, ड्रम गार व्हायचे, पुन्हा निघायचो. याला आम्ही ‘अनुभव’ म्हणत होतो!

अपघात झाला तो परत येताना. माल उतरवलेला, गाडी पूर्ण रिकामी. घाट चढून मढच्या पुढं आलो होतो. पाऊस, धुकं, वळण आणि वळणावर खड्डे. मी पुढं बसलेले. केबिनमध्ये मागे दोन मजूर, आणि दादाचा धाकटा भाऊ हौद्यात ताडपत्रीखाली, रिकाम्या क्रेटवर टेकून झोपलेला. वेग फार नव्हता. मागची चाकं एका खड्ड्यातून उसळली आणि परत रस्त्यावर नीट टेकलीच नाहीत. टण् टण् टण् अशी उड्या मारत गाडीची शेपटी बाहेरच्या बाजूला गेली. दादानं स्टेअरिंग उलटं कापलं, पण उशीर झाला होता. गाडी आडवी होऊन रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगात घुसली. दुसऱ्या बाजूला गेली असती तर हा लेख मी लिहिला नसता.

धाकट्याचं मनगट मोडलं. एवढ्यावर निभावलं.

असं का झालं? दीड टनाला उभे राहणारे पाटे रिकाम्या हौद्याला जणू लाकडाच्या फळ्या. ते दबतच नाहीत. चाक खड्ड्यात उतरायला, उंचवट्यावर चढायला पाटा लवचीक लागतो. नाहीतर चाकाऐवजी अख्खी गाडी उडते, आणि हवेतल्या टायरला ना ग्रिप असते ना ब्रेक. त्यात शॉकअप जुनेच. स्प्रिंगची उसळी आवरायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग दुप्पट कडक करून शॉकअप थकलेलेच ठेवले तर उसळी आवरणार कोण? फोर बाय फोर इथं काही कामाची नाही. तो लिव्हर चिखलातून बाहेर काढतो, ओल्या वळणावर वाचवत नाही.

गाडी दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी खाली जाऊन टॉर्च मारला आणि मला बोलावलं, “ये पोरी, बघ.” मागच्या पाट्यांचा ब्रॅकेट चासीला जिथं जोडलेला असतो, तिथं केसाएवढी चीर होती. वरून जुना रंग, आत ताजा गंज. म्हणाले, “पाटा तुटायचा बंद झाला की दुसरं कायतरी तुटाया लागतं. पाटा स्वस्त होता.”

मग बसलेल्या गाडीचं करायचं काय?

मी सस्पेन्शन मजबूत करण्याच्या विरोधात नाही. जुन्या गाडीचं तर करावंच लागतं. प्रश्न क्रमाचा आहे, आणि आपण नेमकं शेवटचं काम पहिलं करतो.

पहिलं काम गॅरेजमध्ये नाही, वजनकाट्यावर. गाडी रिकामी काट्यावर घाला. मग नेहमीइतका माल भरून घाला. मग पुढची चाकं काट्याबाहेर ठेवून फक्त मागची चाकं घाला, म्हणजे मागच्या एक्सलवर किती येतंय ते कळेल. दोन-तीन पावत्यांचा खर्च. आम्ही पाट्यांवर हजारो घालवले, पण काट्यावर कधी गेलो नव्हतो.

दुसरं, गाडी मूळ स्थितीला आणा. पाटे वर्षानुवर्षं वाकून थकतात, त्यांची कमान जाते. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. एक बाजू खाली असेल तर पाटा थकलाय किंवा आत एखादा तुटलाय. बदलायचे तर कंपनीच्या मापाचे आणि दोन्ही बाजूंचे एकदम. यू-बोल्ट नवेच, जुने ताणलेले पुन्हा वापरायचे नाहीत. काही शे किलोमीटर चालल्यावर ते परत आवळून घ्यायचे, ही पायरी जवळपास सगळेच विसरतात. सोबत बुश, शॅकल, शॉकअप आणि बंप स्टॉपची रबरं. आमच्या गाडीतला तो ‘ठक्क’ आवाज आठवतो? रबर झिजून गेलं होतं, एक्सल थेट लोखंडावर आपटत होता. उपाय होता रबराचा एक तुकडा. आम्ही चार पाटे टाकले.

तिसरं, टायर. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा असतो, लोड इंडेक्स. १०० असेल तर एका टायरला ८०० किलो, १०५ असेल तर ९२५ किलो, तेही पूर्ण हवा असताना. सेकंडहँड गाडीला मागच्या मालकानं दिखाव्याचे रुंद टायर टाकलेले असतील तर हा आकडा आधी वाचा.

चौथं, माल कुठं ठेवताय. जड माल केबिनच्या पाठीला चिकटून, एक्सलच्या पुढं. मागच्या फाळक्याबाहेर लोंबकळणारे दहा क्रेट तरफेसारखं काम करतात. मागचं दाबतात आणि पुढची चाकं हलकी करतात. स्टेअरिंग हलकं वाटायला लागलं म्हणून खूश होऊ नका.

एवढं सगळं झाल्यावर, पासिंगच्या आत राहूनही, गाडी रोज भरलेलीच चालत असेल तर मग पाचवं काम. त्याच मॉडेलसाठी बनवलेला, लोड वाढल्यावरच कामाला लागणारा हेल्पर पाटा. तो रिकाम्या गाडीला कडक करत नाही. आणि तो बसवल्यावर लोड सेन्सिंग वाल्वची सेटिंग त्याच दिवशी तपासून घ्यायची. ज्या मिस्त्रींना हा वाल्व दाखवता येत नाही, त्यांच्याकडे पाट्याचं काम देऊ नका. माझी ही साधी परीक्षा आहे.

आणि गाडी अजून घ्यायची असेल तर आधी खाली वाका. पाट्यांची संख्या दोन्ही बाजूंना सारखी आहे का, कंपनीनं दिली तेवढीच आहे का? ब्रॅकेटजवळ वेल्डिंग, पट्टी मारलेली, फक्त तेवढ्याच भागाला ताजा काळा रंग दिसतोय का? ‘पाटे वाढवलेली आहे, दणकट आहे’ असं मालक कौतुकानं सांगत असेल, तर तो किंमत वाढवत नाहीये, कबुली देतोय.

“बोलणं सोपं आहे गं”

दादा मला हेच म्हणाला होता. त्याचं म्हणणं खोटं नाही. भाडं क्रेटवर मिळतं. पंचावन्न न्यायचे तर एकच फेरी. पस्तीस न्यायचे तर वीस क्रेटसाठी दुसरी फेरी, दुसरं डिझेल. हप्ता मात्र एकच तारीख ओळखतो. व्यापाऱ्याला माल सकाळी हवा, शेतकऱ्याला खर्च कमी हवा, आणि मधला ड्रायव्हर पोरगा हे सगळं पाट्यांवर ढकलतो. रीलमध्ये चिखल उडवत जाणारी उंच गाडी दिसते, तिच्या मालकाची बँकेची पासबुकं दिसत नाहीत.

कायदा आहेच. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला वीस हजार रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार दंड आहे. नियमात न बसणारा फेरफार केला तर मालकाला प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण मला कायद्याची भीती घालायची नाही. दंड एकदा भरून सुटता येतं. आपल्याकडे या गाड्यांच्या हौद्यात क्रेटच्या वर माणसं बसतात. खुडणीला जाणाऱ्या बायका, शाळेत निघालेली पोरं, झोपलेला धाकटा भाऊ. त्यांना विचारून कुणी पाटे वाढवत नाही.

त्यामुळे मी हिशोबच मांडला. ड्रायव्हर आणि एक माणूस, म्हणजे १३० किलो. गार्ड, पाइप आणि कॅरिअरचे ९०. उरले ७८०. त्यात पस्तीस क्रेट बसतात. कॅरिअर आणि गार्ड काढून टाकले तर आणखी तीन-चार. चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आमची फोर बाय फोर, तिथून पुढं कल्याणला चार शेतकऱ्यांचा माल एकत्र करून मोठा टेम्पो. दादाची लांबची भाडी गेली, पण शेत ते रस्ता अशा छोट्या फेऱ्या वाढल्या, कारण पावसात ते काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. पैसे पहिल्याइतके सुटत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. घाटातलं डिझेल आणि ब्रेकचे लायनर वाचतात, ही त्यातली जमेची बाजू.

जादा पाटे आम्ही काढले. मूळ मापाचा नवा सेट, नवे शॉकअप, नवी रबरं, चासीची चीर नीट दुरुस्त. मग गाडी पस्तीस क्रेट भरून काट्यावर नेली, पावती घेतली, आणि तिथंच चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर मोजलं. तेवढ्या मापाची एक काठी कापून दादानं ती सीटमागे ठेवलीय. माल भरताना धाकटा, मनगट बरं झालेला, ती काठी चाकाशी धरून उभा राहतो. काठी मडगार्डला टेकली की ओरडतो, “बास!”

मग कुणी कितीही म्हणू दे, ‘अजून दोनच क्रेट’, फाळका लागतो.